माधुरी गेली त्या आठवड्यात: एका व्हॉट्सअ‍ॅप गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची हत्तीण माधुरी गुजरातेत नेली, त्या आठवड्यात एका गटात काय घडलं त्याची ही नोंद. गट शिरोळ तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचा. १९९५ च्या आगेमागे दहावी झालेल्या दोन-तीन तुकड्या, सव्वाशेच्या आसपास माणसं. निम्मी अजून तालुक्यातच आहेत. कुणाचा ऊस, कुणाच्या म्हशी, कुणाचं जयसिंगपुरात दुकान, कुणी झेडपीच्या शाळेत. बाकीची पुणे, बेंगळुरू, दुबई, दोघं-तिघं अमेरिकेत. दिगंबर जैन घरं बरीच, शिवाय मराठा, लिंगायत, मुसलमान, धनगर, बौद्ध. शिरोळची कुठलीही जुनी तुकडी अशीच मिसळीची निघेल.

मी या गटात नाही. तिन्ही अ‍ॅडमिनशी बोलून आणि त्यांनी दाखवलेले संदेश वाचून हे लिहिलंय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. गटात ज्या हाका मारल्या जातात त्याच इथे ठेवल्यात. ‘सर’ हे प्राथमिक शिक्षक, ‘आक्का’ गावात दूध संकलन केंद्र चालवतात, ‘पुणेकर’ सॉफ्टवेअरमध्ये. हे तिघे अ‍ॅडमिन, एकाच शाळेचे. आक्कांचं माहेर-सासर दोन्हीकडून नांदणी मठाशी नातं आहे, हे पुढे कामाला येतं.

गट होता जुनाच, पण त्याला वजन आलं ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावं पाण्याखाली होती आणि कुठला रस्ता बंद, कुठल्या छपरावर कोण अडकलंय, हे गटावरूनच कळत होतं. त्यातच ‘धरण फुटलं’ अशी आवई उठली आणि एका छावणीतली म्हातारी माणसं रात्री पावसात बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सरांनी एक नियम घातला. प्रत्येक संदेश तीनपैकी एका शब्दाने सुरू करायचा: ‘बघितलं’, ‘ऐकलं’ किंवा ‘आलंय’. स्वतः डोळ्यांनी पाहिलं, ओळखीच्या माणसाने सांगितलं, की नुसतंच फोनवर आलं. पूर ओसरला तसा नियमही विरला आणि गट वाढदिवस, ऊसदर आणि गणपतीच्या फोटोंवर आला.

मग २०२५ चा जुलै आला. नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी, जिला सगळा जिल्हा माधुरी म्हणतो, ती १९९२ पासून मठात होती. म्हणजे या तुकड्या सातवी-आठवीत असल्यापासून. हत्तीचं मठातलं स्थान शोभेचं नाही. पंचकल्याणक पूजेत इंद्र बाल तीर्थंकराला ऐरावतावर बसवून अभिषेकाला नेतो, तो प्रसंग हत्तीशिवाय उभा राहत नाही. तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांतलं पहिलं स्वप्न हत्तीचंच. मठाकडे हत्ती ठेवण्याची परंपरा कैक शतकांची असल्याचं मठ सांगतो. दुसऱ्या बाजूला ‘पेटा’ या प्राणीहक्क संस्थेची तक्रार होती: एकटी, साखळीत ठेवलेली, मिरवणुकांत फिरवली जाणारी, पायाचं दुखणं असलेली हत्तीण. न्यायालयाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने तिला गुजरातेत जामनगरच्या हत्ती कल्याण ट्रस्टकडे, म्हणजे लोकांच्या बोलीत ‘वनतारा’त, हलवायची शिफारस केली होती. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि मठाच्या धार्मिक वापरापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जगण्याला प्राधान्य दिलं. जुलै सरता सरता सर्वोच्च न्यायालयानेही मठाची याचिका फेटाळली. माधुरीला निरोप द्यायला लोटलेल्या गर्दीत बाया-बापे ढसाढसा रडत होते.

अडचण काय झाली

पहिले दोन दिवस गटावर नुसतं दुःख होतं. शाळेच्या सहलीतले फोटो, कुणाच्या लग्नाच्या वरातीसमोरून जाणारी माधुरी, कुणाचं पोर तिच्या सोंडेला हात लावतंय. तिसऱ्या दिवसापासून फॉरवर्ड सुरू झाले.

त्यातला एक फोटो गटात वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा येत राहिला. ट्रकच्या गजांमागे उभी हत्तीण, डोळ्यांतून घळाघळा पाणी, वर उचललेली सोंड, आणि सोंडेच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र लांब सुळे. खाली ‘माझं काय चुकलं?’ ही ओळ. फोटो संगणकावर बनवलेला होता. आशियाई हत्तींमध्ये लांब सुळे नरालाच असतात; मादीला असलेच तर ओठाबाहेर जेमतेम डोकावणारे. तीस-बत्तीस वर्षं माधुरीला जवळून पाहिलेल्या माणसांनी सुळेवाली माधुरी पुढे ढकलली आणि एकालाही खटकलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. या लोकांचं डोकं ठिकाणावर होतं, रोजच्या व्यवहारात ते पक्के हुशार आहेत. पण फोटो पाहताना त्यांनी माधुरी पाहिलीच नाही. आपलं रडू पाहिलं.

दुसरा पूर वाहिन्यांचा. एका सदस्याने एका मराठी वृत्तवाहिनीची क्लिप टाकली, तिच्यात वनतारातल्या दवाखान्याचं कौतुक होतं. लगेच उत्तर आलं, ‘चॅनेल कुणाचं हाय बघ आधी.’ हा आक्षेप पोकळ नव्हता. वनतारा रिलायन्सचा उपक्रम, आणि नेटवर्क १८ हा वृत्तसमूह २०१४ पासून रिलायन्सच्या ताब्यात. बातमीतला पक्ष आणि बातमी देणाऱ्याचा मालक एकच असेल, तर प्रेक्षकाने भुवई उंचावणं रास्तच. गडबड पुढे झाली. ‘मीडिया विकलाय’ एवढं म्हणून झाल्यावर लोक ज्याच्याकडे वळले ते होते नाव-गाव नसलेल्या पानांचे रील. मोठ्या वाहिनीचा मालक माहीत आहे म्हणून ती खोटी, आणि रीलचा मालक कोण हे माहीतच नाही म्हणून ते खरं, असा उफराटा हिशेब चालू झाला. एका रीलमध्ये हत्तीला काठीने मारताना दाखवलं होतं आणि मागच्या दुकानाची पाटी मल्याळममध्ये होती. त्याखाली ‘वनतारात काय चाललंय बघा’ असं लिहिलेलं.

तिसरी ठिणगी अमेरिकेतून पडली. न्यू जर्सीच्या एका सदस्याने रात्री, म्हणजे त्याच्या दुपारी, लिहिलं की २०२५ साली देवाच्या नावाखाली जनावर बांधून ठेवायचं समर्थन कसं करता, धर्माने काळाबरोबर बदलायला नको का. मजकूर उद्धट नव्हता, पण इंग्रजीत होता आणि लांबलचक होता. पहाटे दूध घालायला उठलेल्यांनी तो वाचला. पहिलं उत्तर एका शेतकऱ्याचं: ‘लेका, तिकडं बसून तुला काय जातंय बोलायला? डिजे लावून आमच्या म्हशी बिथरवतात तवा कुठं जातो तुझा प्राणीहक्क?’ मग एकाने न्यू जर्सीवाल्याच्या बापाच्या शेताचा वाद उकरला. दुसऱ्याने पुणेकरांना ‘अंबानीचा माणूस’ ठरवलं, कारण त्यांची कंपनी कधीतरी जिओचं काम करत होती म्हणे. जिओचं सिम बदलायचं आवाहन तोवर जिल्हाभर पसरलं होतं, त्यामुळे हा शिक्का साधा नव्हता.

वरवर हे श्रद्धा विरुद्ध आधुनिकता असं भांडण दिसतं, आणि बाहेरच्या लोकांनी ते तसंच मांडलं. आतून वाचताना तसं दिसत नाही. हत्तीण आजारी असेल तर तिला उपचार मिळावेत, यावर मठाच्या कट्टर भक्तांचंही दुमत नव्हतं. ती आजारी आहे हे सांगणाऱ्याचं ऐकायचं का, यावर होतं.

२ ऑगस्टची रात्र: समोरचे पर्याय

रविवारी, ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पंचेचाळीस किलोमीटरची पदयात्रा निघणार होती. गटातले बरेच जण जाणार होते, सर आणि आक्काही. आदल्या रात्री पुणेकर एकटेच जागे होते. गटावर मिनिटाला दोन-तीन संदेश येत होते आणि भाषा घसरत चालली होती.

त्यांच्या डोक्यात काय काय आलं, ते त्यांनी मला क्रमाने सांगितलं. गप्प बसणं, हा पहिला विचार. दुसरा, घाण संदेश एकेक करून सगळ्यांसाठी पुसणं. २०२२ पासून अ‍ॅडमिनला ते करता येतं. पण मग कुठला पुसला आणि कुठला ठेवला यावरून नवीन भांडण. तिसरा, माधुरीसाठी वेगळा गट काढून विषय तिकडे नेणं. चौथा, सरांना फोन करून उठवणं. पाचवा, ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ हे बटण.

त्यांनी बटण दाबलं. कारण विचारल्यावर ते म्हणाले, ‘माझ्यावर गुन्हा दाखल झाला असता तर?’ ही भीती गावोगावच्या अ‍ॅडमिनच्या मनात असते. धार्मिक भावना दुखावणारा मजकूर गटावर आला की अ‍ॅडमिन आत जातो, असं प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की सदस्याच्या संदेशासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधीची मिलीभगत दाखवावी लागते. पुणेकरांना हा निकाल माहीत नव्हता. माहीत असता तरी त्या रात्री त्यांनी वेगळं काही केलं असतं का, याची मला खात्री नाही. पण निदान सरांना फोन लावला असता.

गट बंद झाल्यावर

बटण दाबताना त्यांनी एक ओळही लिहिली नाही. का बंद, किती वेळ, कुणी केलं, काहीच नाही. पहाटे नांदणीला जमलेल्या लोकांनी फोन उघडला तर तोंड शिवलेलं. पदयात्रेचे फोटोसुद्धा टाकता येईनात. चालता चालताच कुणीतरी दुसरा गट काढला आणि दुपारपर्यंत तीसेक जण तिकडे गेले. या नव्या गटात शंका काढणारा एकही माणूस नव्हता. जुन्या गटात निदान एखादा तरी ‘हे कुठलं?’ असं विचारायचा.

पुणेकरांना वाटत होतं की आपण आग विझवली. त्यांच्या बंद गटात शांतता होती, हे खरंच. जाळ शेजारच्या खोलीत गेला होता.

त्या दुसऱ्या गटात सोमवारी एक फॉरवर्ड आला: ‘हत्ती मोहरमला कोणी नेला, ते आधी विचारा.’ त्यावर दुहेरी बाण होता, म्हणजे पाच किंवा जास्त हात फिरून आलेला. बातमीतलं एक टोक धरून ते वाकवलं होतं. माधुरीला वनखात्याच्या परवानगीशिवाय तेलंगणात मोहरमच्या मिरवणुकीत नेलं, ही बाब प्रकरणात खरोखर होती. पण त्यातला मुद्दा परवानगीचा होता आणि परवानगी काढायची जबाबदारी हत्तीण बाळगणाऱ्यांची होती. फॉरवर्डमध्ये तिचं ‘त्यांनी आपला हत्ती घालवला’ असं झालं.

गटातला कुरुंदवाडचा एक मुसलमान सदस्य रविवारी स्वतः पदयात्रेत काही अंतर चालला होता. त्याने हे वाचलं आणि सरांना फोन केला. हा फोन पुणेकरांना न येता सरांना आला, हे गटाचं नशीब.

सरांपुढे तीन रस्ते होते. नव्या गटात जाहीर खोडून काढणं, पोलीस ठाण्यात कळवणं, किंवा ज्याने टाकलं त्याच्याशी बोलणं. त्यांनी तिसरा निवडला. जाहीर खोडलं असतं तर टाकणारा इरेला पेटला असता, आणि फॉरवर्ड आणखी लोकांनी वाचला असता. ते संध्याकाळी त्याच्या गुऱ्हाळावर गेले. तो म्हणाला, ‘सर, मी वाईट अर्थानं नाय टाकलं. आलं, ढकललं.’ सरांनी त्याला एवढंच विचारलं, की हे वाचून कुरुंदवाडवाल्याला काय वाटलं असेल? त्याने तिथेच संदेश पुसला आणि फोन करून माफी मागितली. समोरून उत्तर आलं, ते सगळ्यांना अजून पाठ आहे: ‘आमच्यात गणपती मशिदीत बसतो, मर्दा. हत्ती मोहरमला गेला तर कसलं नवल?’ कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो, हे या भागात शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण त्या आठवड्यात ते आठवण करून द्यावं लागलं.

हा प्रसंग निभावला तो निव्वळ ओळखीवर. सर आणि गुऱ्हाळवाला एका बाकावर बसलेले. हेच दोन हजार अनोळखी माणसांच्या गटात घडलं असतं तर गुऱ्हाळावर जाऊन बसायची सोयच नव्हती. याच राज्यात १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भटक्या गोसाव्यांना जमावाने ठार केलं होतं. ती अफवाही फोनवरूनच फिरत होती, आणि मारणारे-मरणारे एकमेकांना अनोळखी होते.

निकाल वाचायचा ठरला

सोमवारी रात्री तिघांनी फोनवर बोलून गट उघडला. उघडताना पुणेकरांनी तीन ओळी लिहिल्या: मी बंद केला होता, घाबरून केला होता, तुम्हाला न विचारता केला. त्यावर फारशी प्रतिक्रिया आली नाही, पण ‘अंबानीचा माणूस’ ही थट्टा थांबली.

मग सरांनी सुचवलं की रील बघण्यापेक्षा उच्च न्यायालयाचा निकालच वाचू या. तो इंग्रजीत होता, त्यामुळे गटातल्या बहुतेकांनी त्याबद्दल फक्त ऐकलं होतं. सरांनी एक व्हॉइस नोट टाकली: समितीने काय तपासलं, पायाच्या, नखांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याबद्दल काय नोंदवलं, न्यायालयाने काय ठरवलं. उच्चार स्वच्छ, मराठी सोपं. अर्ध्या तासात ओरड सुरू झाली. ‘सर, मठाचं म्हणणं कुठाय? का ते निकालात न्हाई?’ ते निकालात होतं. सरांनी ते गाळलं होतं. मुद्दाम नव्हे, पण त्यांचं स्वतःचं मत न्यायालयाच्या बाजूचं होतं आणि त्यांना जे महत्त्वाचं वाटलं तेच आवाजात उतरलं.

इथे आक्कांनी जे सुचवलं ते या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल होतं. त्या म्हणाल्या, ‘मठाची बाजू तुम्ही वाचा, पायाचा अहवाल मी वाचते.’ म्हणजे ज्याला जे पटत नाही, ते त्याने वाचून दाखवायचं.

मंगळवारी सकाळी सरांनी मठाचे मुद्दे वाचले. परंपरेचा, धर्मस्वातंत्र्याचा, हत्तिणीची काळजी घेतली जात असल्याचा, समितीच्या अहवालांवरच्या आक्षेपांचा. आवाज रोखून, एकही शेरा न मारता. दुपारी आक्कांनी आजाराची पानं वाचली. इंग्रजी शब्द आले तिथे त्यांनी पोरीला विचारून मराठी केलं. पायाच्या जखमांच्या वर्णनाशी त्या थांबल्या, नोट तिथेच तुटली, आणि पुढची नोट पाच मिनिटांनी आली. त्याखाली मठाच्या अगदी जवळच्या एका सदस्याने लिहिलं, ‘पाय आम्ही पण बघितले होते. बोललो नाही.’

याने कुणाचं मत पालटलं असं नाही. ज्याने ही ओळ लिहिली त्यानेच संध्याकाळी जिओचं सिम पोर्ट केल्याचा स्क्रीनशॉट टाकला. दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात, आणि त्यात मला तरी काही विसंगती दिसत नाही.

डॉक्टरांचा प्रश्न

गटात एक पशुवैद्यक होते, सरकारी नोकरीत. सुळेवाला फोटो पहिल्यांदा त्यांच्याच नजरेत भरला. पण नोकरीत असल्याने न्यायालयीन वादावर गटात लिहायला ते तयार नव्हते, आणि ते योग्यच होतं. त्यांनी आक्कांना खासगीत सांगितलं. अश्रूंबद्दलही सांगितलं: हत्तीला आपल्यासारखी अश्रू वाहून नेणारी नळी नसते, डोळ्यातला ओलावा गालावरच ओघळतो, त्यामुळे ओला गाल म्हणजे रडणं असं धरता येत नाही.

आक्कांनी यातलं निम्मंच वापरलं. बुधवारी त्यांनी तो फोटो पुन्हा टाकून एकच प्रश्न विचारला: ‘आपल्या माधुरीला सुळे होते काय गं?’ दहा मिनिटं शांतता. मग एकाने कपाळाला हात मारलेलं चित्र टाकलं, मग हसण्याची लाट. फोटो खोटा आहे, असं कुणालाही सांगावं लागलं नाही. अश्रूंचा भाग त्यांनी जाणूनबुजून सोडला. ‘ती रडलीच नाही असं मी सांगितलं असतं तर मला घरी पण जेवायला मिळालं नसतं,’ असं त्या मला म्हणाल्या. हाच प्रश्न पुणेकरांनी विचारला असता तर? तिघांचंही एकमत होतं: वाजलं असतं.

परिणाम

मंगळवारी, ५ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी सरकारही मठासोबत सर्वोच्च न्यायालयात जाईल असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी वनताराने मठाच्या आणि सरकारच्या अर्जाला साथ देऊ, नांदणी परिसरात पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करू, असं म्हटलं आणि निवेदनात ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत क्षमा मागितली. तोवर दोन लाखांहून जास्त सह्या राष्ट्रपतींकडे रवाना झाल्या होत्या. लोकांच्या रेट्याने बड्या उद्योगाला खाली यायला लावलं, याचा आनंद गटावर दोन दिवस होता. ‘जैनांची क्षमा त्यांनी जनसंपर्कवाल्याकडून लिहून घेतली’ असं एकाने टोचलं. त्यावर जैन घरातल्याच एका वयस्क सदस्याने लिहिलं, की क्षमा मागणाऱ्याचं मन तपासायचं काम आपलं नाही, क्षमा करायचं आहे. यावर वाद झाला नाही.

गटाचं म्हणाल तर फुटलेल्या तीस जणांतले बरेचसे परत आले. चार-पाच आले नाहीत. दुसरा गट अजून आहे. न्यू जर्सीचा सदस्य गटात आहे, पण त्या रात्रीनंतर त्याने वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलेलं नाही. त्याला कुणी फोन केला नाही. गुऱ्हाळवाल्याकडे सर गेले, याच्याकडे कुणी गेलं नाही, आणि ते अंतरामुळे झालं असं मला वाटत नाही. गावात राहणाऱ्याची चूक ‘आपल्या माणसाची’ असते. परदेशी गेलेल्याचं मत मात्र शहाणपणा ठरतो.

ऑगस्टच्या उत्तरार्धात पंचगंगेचं पाणी चढू लागलं तसा ‘बघितलं, ऐकलं, आलंय’ हा नियम आपसूक परत आला. यावेळी सरांनी तो गटाच्या वर पिन करून ठेवलाय. राजाराम बंधाऱ्याचा आकडा टाकणारेही आता ‘बघितलं’ लिहून फलकाचा फोटो जोडतात.

वेगळं काय करता आलं असतं

गट बंद करण्याला माझा सरसकट विरोध नाही. रात्री बारा ते सकाळी सहा बंद, कारण हे, सकाळी अमुक वाजता उघडेल, असं लिहून केला असता तर कदाचित फुटला नसता. पदयात्रेच्या दिवशी बंद राहिला हे मात्र अक्षम्य. लोकांना सर्वांत जास्त बोलायचं होतं त्याच दिवशी त्यांचं तोंड बंद केलं गेलं. तिघांतल्या दोघांच्या संमतीशिवाय ते बटण दाबायचं नाही, हे आता ठरलंय.

वाहिनीच्या मालकीचा प्रश्न गटाने अर्धवट सोडला, याची मला जास्त खंत आहे. ‘हे कुणाचं?’ हा प्रश्न उत्तम होता. तो फक्त एकाच दिशेला विचारला गेला. रील बनवणाऱ्या पानाला, सह्यांचा फॉर्म फिरवणाऱ्याला, तालुक्यातल्या नेत्यांच्या प्रसिद्धीपत्रकाला तो कुणी विचारला नाही. सरांनी पिन केलेल्या नियमात ‘आलंय’ पुढे ‘कुणाकडून’ हा चौथा शब्द घालावा, असं मी सुचवलं. सरांना पटलं, अजून घातलेला नाही.

आणखी एक. नांदणी यातल्या निम्म्या माणसांपासून दुचाकीच्या अंतरावर आहे. मठाचे कारभारी, माहुताच्या ओळखीचे लोक, तिला चारा घालणारे, सगळे हाताशी होते. तरी आठवडाभर लोक अनोळखी पानांकडून माधुरीची खबर घेत राहिले. दोघांनी जाऊन मठात बसून विचारलं असतं आणि ‘ऐकलं’ लिहून गटावर टाकलं असतं, तर बऱ्याच रीलची हवा गेली असती.

सध्या गटात वाद आहे तो फॉरवर्डच बंद करण्याचा. पुणेकरांचं म्हणणं, दुहेरी बाण असलेलं काहीच येऊ द्यायचं नाही. आक्का याच्या ठाम विरोधात आहेत. गटातल्या निम्म्या बायका कधीच टाइप करत नाहीत, त्या फक्त फॉरवर्ड करतात. फॉरवर्ड बंद म्हणजे त्यांचं बोलणंच बंद, असं त्या म्हणतात. त्यांनी व्हॉइस नोट टाकावी, असं पुणेकर म्हणतात. ‘नवरा, सासरा, दीर, सगळे याच गटात असताना?’ असं आक्कांनी विचारलंय. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.